पॅसेज, गच्ची आणि अकरा महिने

2022 च्या भाऊबीजेला नणंद तिच्या दोन्ही मुलांना घेऊन पुण्याहून आली. रात्री चौघा मुलांनी एकाच खोलीत झोपायचा हट्ट धरला. धाकट्याच्या खोलीत एक पलंग, एक कपाट, एक टेबल. उरलेल्या फरशीवर गादी टाकली तर दार उघडेना, दार उघडं ठेवून टाकली तर कपाट उघडेना. शेवटी अर्धी गादी खोलीत, अर्धी पॅसेजमध्ये आणि मधोमध उंबरा, अशी ती झोपली. सकाळी भाचा म्हणाला, "मामी, मला रात्रभर उंबरा लागत होता."

त्या एका वाक्यावरून सुरू झालेलं मुलांच्या खोल्या मोठ्या करायचं काम पुढच्या सप्टेंबरपर्यंत चाललं. ज्यांच्याकडे सासऱ्यांनी बांधलेला जुना बंगला आहे आणि मुलं मोठी होतायत, त्यांच्यासाठी सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. मी सुरुवात केली तेव्हा नेमकं कुठल्या टेबलापासून सुरुवात करायची, हेही मला माहीत नव्हतं.

आमचं घर नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या बाजूला. 180 चौ.मी.चा प्लॉट, 1996 साली अण्णांनी (माझ्या सासऱ्यांनी) बांधलेला तळमजला आणि वर पहिला मजला. पहिल्या मजल्यावर दक्षिणेला जिना, बाथरूम आणि आमची खोली. उत्तरेला मुलांच्या दोन खोल्या शेजारीशेजारी, प्रत्येकी 9 फूट रुंद आणि 9 फूट 6 इंच लांब. दक्षिण आणि उत्तर बाजूंच्या मधून पूर्व-पश्चिम जाणारा साडेतीन फुटी पॅसेज आणि त्याच्या पूर्व टोकाला अडगळीची खोली. मुलांच्या खोल्यांपुढे उत्तरेला अकरा फूट खोल गच्ची. तिथून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, आणि सासूबाईंचं वाळवण तिथेच पडतं. ही माहिती आत्ता कंटाळवाणी वाटेल, पण पुढे सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं. त्यांनी मोजमाप न घेताच सांगितलं की गच्ची पूर्ण आत घ्या, दोन्ही खोल्या वीस-वीस फुटांच्या होतील, बावीस लाखांत चकाचक करून देतो. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "आपल्याच घरात काय परवानगी?" नवरा जवळजवळ तयार झाला होता. सासूबाईंनी एकच विचारलं, "कुरडया काय मग पलंगावर वाळवायच्या?" ते प्रकरण तिथेच थांबलं. आज मागे वळून पाहिलं तर कुरडयांनी आमचे चौदा लाख वाचवले.

डिसेंबरमध्ये ओळखीतून एक आर्किटेक्ट मॅडम मिळाल्या. त्यांची फी ठरली 60 हजार, नकाशे आणि महापालिकेतली फाईल धरून. त्या आल्या, लेझरने सगळा मजला मोजला, आणि जाताना एक गृहपाठ देऊन गेल्या. गच्चीवर खडूने मुलांची एक खोली खऱ्या मापाची काढा, दार कुठल्या बाजूला उघडतं तो अर्धगोलही काढा, आणि आत पलंग, कपाट, टेबल जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे कापून मांडा. पलंग 6 फूट 3 इंच बाय 3 फूट, कपाट 2 फूट खोल, टेबल 4 बाय 2. रविवारी मुलांनीच ते केलं. त्यावरून जे कळलं ते आठ वर्षं त्या खोल्या रोज झाडूनही मला कळलं नव्हतं. दार भिंतीच्या बरोबर मध्यावर होतं. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांचे निकामी तुकडे उरत होते, ज्यात कपाटही बसत नाही आणि पलंगही नाही. शिवाय दार आत उघडायला जी जागा खातं ती वेगळीच. खोली कागदावर साडेपंच्याऐंशी चौरस फूट होती, प्रत्यक्षात वापरायला मिळत होती पन्नास-पंचावन्न.

थोरलीने खडूने पॅसेजही काढला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्यात ती आडवी पडली आणि म्हणाली, "आई, हा तर माझ्या खोलीएवढाच आहे." अगदी तेवढा नव्हता. मॅडमनी दुसऱ्या दिवशी हिशेब करून दिला: पॅसेजची मोकळी लांबी 14 फूट, म्हणजे 49 चौरस फूट, आणि टोकाची अडगळ 4 बाय साडेतीन, म्हणजे 14. आमच्या खोलीचं आणि बाथरूमचं दार जिन्याजवळच आहे. म्हणजे पॅसेजचा पूर्वेकडचा सगळा भाग फक्त पूर्वेच्या खोलीत आणि अडगळीत जाण्यापुरता होता. दिवसातून चार वेळा चालायला एवढी फरशी, आणि ती पुसायचीही.

नकाशा तिथून फिरला. पूर्वेच्या खोलीची पॅसेजकडची भिंत काढायची, पॅसेजचा पूर्वेकडचा भाग आणि अडगळ आत घ्यायची आणि उरलेल्या पॅसेजच्या टोकालाच तिचं दार बसवायचं. खोली होते 9 बाय 13 फूट 4 इंच. पश्चिमेच्या खोलीला पॅसेजमधून काही मिळण्यासारखं नव्हतं, तिला मात्र गच्चीतला एक पट्टा द्यायचा. बाकी गच्ची तशीच.

आम्हाला तो पट्टा सहा फुटांचा हवा होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आले (फी 25 हजार, हॅमर टेस्ट धरून). त्यांनी कॉलम, बीम आणि स्लॅबवर तो स्प्रिंगचा हातोडा मारून आकडे लिहून घेतले, मग खालच्या हॉलमध्ये जाऊन छताकडे बघत उभे राहिले. तिथे एक आडवा बीम आहे, ज्याला आम्ही सत्तावीस वर्षं दिवाळीची तोरणं बांधली. ते म्हणाले, वरची नवी भिंत या बीमवरच आली पाहिजे. नुसत्या स्लॅबवर भिंत उभी करायची नाही, हलकी असली तरी. बीमवर भिंत घेतली तर आतून मोकळे 4 फूट 6 इंच मिळत होते. सहा फुटांसाठी खाली नवा बीम घालावा लागला असता आणि खर्च दुप्पट. सहा फूट आम्ही मागितले, बीमने साडेचार दिले. जुनी नऊ इंची भिंत जाणार असल्यामुळे तेवढी जागा वर मिळाली, आणि खोली झाली 9 बाय 14 फूट 9 इंच.

गच्चीच्या कडेला कॉलमच्या सळया अण्णांनी "पुढे वर चढवायचं झालं तर" म्हणून सोडल्या होत्या. प्रत्येक नाशिककराच्या गच्चीवर असतात तशाच, वर सिमेंटचा गोळा लावलेल्या. मला वाटलं होतं, चला, अण्णांनी सोय करून ठेवली आहे. इंजिनिअरनी एक सळई नखाने खरवडली, तांबडा पापुद्रा सुटून आला. "या धरायच्याच नाहीत," म्हणाले. नवीन सळया जुन्या काँक्रीटमध्ये ड्रिल करून रसायनाने पक्क्या बसवायच्या, ज्याला रिबारिंग म्हणतात. तुमच्याकडेही अशा सळया असतील तर त्यांच्या भरवशावर बजेट आखू नका.

आता परवानगीबद्दल, कारण याच बाबतीत सगळे ठामपणे उलटसुलट सांगतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 मध्ये अशी सूट आहे की जे काम फक्त घराच्या आतल्या भागापुरतं आहे किंवा ज्याने बाहेरचं रूप फारसं बदलत नाही, त्याला विकास परवानगी लागत नाही. म्हणजे आमची पॅसेजची भिंत काढायला कुणाला विचारायची गरज नव्हती (स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोडून, त्याला विचारायचंच). पण गच्चीचा पट्टा बंदिस्त केला की बांधकाम क्षेत्र वाढतं आणि तिथे परवानगी लागते, पट्टा जेमतेम पाच चौ.मी.चा असला तरी. एफएसआयची (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं, त्या प्रमाणाची) चिंता नव्हती. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मूळ एफएसआय 1.1 आहे, म्हणजे आमच्या प्लॉटवर 198 चौ.मी. आणि दोन्ही मजले मिळून आमचे 155 च वापरलेले. मॅडम म्हणाल्या, प्रीमियम (जादा बांधकामासाठीचं शुल्क) भरायचा प्रश्नच नाही, फक्त फाईल नीट हवी.

फाईलसाठी पहिली गोष्ट मागितली ती 1996 चा मंजूर नकाशा. घरात नव्हता. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि कागद त्यांच्याच हातचे. अडगळीची खोली तशीही रिकामी करायची होती म्हणून संक्रांतीच्या आधीचा एक शनिवार-रविवार त्यात घालवला. तांब्याचा बंब निघाला, नवऱ्याचं पाचवीचं प्रगतिपुस्तक निघालं, विटांच्या ट्रकच्या पावत्या निघाल्या. अण्णांनी प्रत्येक पावतीच्या मागे गवंड्याची हजेरी लिहिली होती. नकाशा निघाला नाही. सासूबाईंनी त्या पावत्या मांडीवर घेऊन दुपारभर वाचल्या आणि मग स्वतःच्या कपाटात ठेवल्या. बंब जिन्याखाली गेला. त्यावर वाद नको म्हणून कुणी बोलत नाही.

नकाशासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. साधं काम आहे: कोऱ्या कागदावर नमुन्याप्रमाणे अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात आवक-जावकला देऊन पोच घ्यायची. अर्जात सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, मूळ मालकाचं नाव आणि परवानगीचं साल लिहा. आमच्याकडे जुन्या घरपट्टीच्या कागदावर परवानगीचा क्रमांक सापडला, तो लिहिल्यामुळे शोध सोपा झाला असणार. कायद्याने मुदत 30 दिवसांची. आम्ही 11 जानेवारीला अर्ज दिला आणि 3 फेब्रुवारीला नकलेचे पैसे भरून प्रत हातात आली. ज्यांच्याकडे मंजूर नकाशा नाही त्यांनी आर्किटेक्ट शोधण्याच्याही आधी हे करून टाकावं.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. सातबाऱ्यावर अजून अण्णांचंच नाव होतं. चार वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण नाव काढायचं म्हणजे काहीतरी संपवल्यासारखं वाटायचं, म्हणून टळत गेलं. मॅडमनी सांगितलं की मालक म्हणून जेवढी नावं, तेवढ्यांच्या सह्या अर्जावर लागतील. मयताच्या नावावर परवानगी मिळत नाही. म्हणून वारस नोंद. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा असं सगळं घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज. फेरफाराची नोंद होते, मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आमची 20 फेब्रुवारीला झाली. सासूबाई, नवरा आणि नणंद अशी तीन नावं लागली.

नणंदेला फोन करताना नवऱ्याने तीनदा विषय बदलला. तिला वाटेल की आपण घर बळकावतोय की काय, अशी त्याला धास्ती. शेवटी मीच बोलले. ती म्हणाली, "सही कुठे करायची तेवढं सांग, पण माझ्या पोराची पाठ मोडणार नाही अशी खोली कर." ती बसने येऊन एका दिवसात परत गेली. हक्कसोड वगैरे आम्ही काही केलं नाही, तो विषयही काढला नाही. तिचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि ते तिथेच राहणार. तुमच्या घरात हे बोलणं अवघड असेल तर खोलीच्या कामाच्या आधी, वेगळं आणि सावकाश करा. फाईलच्या घाईत नको.

3 मार्चला अर्ज ऑनलाइन दाखल झाला, तोही मॅडमच्या लॉगिनवरून, कारण नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरलाच तो करता येतो. मग वाट पाहणं. रंगपंचमी येऊन गेली, मुलं जुन्या नाशकात रहाड (रंगाच्या पाण्याचा मोठा हौद) बघायला जाऊन पिवळी होऊन आली, फाईल तिथेच. 21 मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, त्रुटी आल्या. तीन होत्या. चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती जोडलेली नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र विहित नमुन्यात नाही. आणि मागच्या बाजूला जागेवर दिसणारी शेड नकाशात दाखवलेली नाही.

तिसरी त्रुटी वाचून घरात शांतता पसरली. मागच्या सामासिक अंतरात (घर आणि कुंपण यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात) अण्णांनी मोरीवर पत्रा टाकला होता. भांडी घासायला, पावसात कपडे वाळत घालायला. सव्वीस वर्षांत कुणी तिला बांधकाम म्हटलं नव्हतं. मॅडम स्पष्ट बोलल्या: ही जागा मोकळी सोडायची असते, पत्रा काढा, नाहीतर पाच चौ.मी.च्या पट्ट्यापायी सगळी फाईल अडकेल. मला पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं की त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या भेटीतच हे विचारलं होतं आणि आम्हीच "ते काय, साधा पत्रा आहे" असं म्हणून सोडून दिलं होतं. 26 मार्चच्या रविवारी पत्रा उतरवला. सासूबाईंनी दोन दिवस भांडी घरातल्या सिंकमध्ये इतक्या जोरात आपटली की शेजाऱ्यांनी विचारलं. आता तिथे कपड्यांसाठी घडी घालता येणारा स्टँड आहे, पाऊस आला की पळत जावं लागतं.

5 एप्रिलला पाहणी झाली. अभियंता आले, चारी बाजूंची अंतरं टेपने मोजली, गच्चीवर जाऊन पट्टा पाहिला, फोटो काढले, पंधरा मिनिटांत गेले. आम्ही उगाच पोहे करून ठेवले होते. 24 एप्रिलला चलन आलं: छाननी शुल्क, विकास शुल्क आणि इतर धरून 11 हजारांच्या आसपास. बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर भरावा लागेल असं एकाने घाबरवलं होतं, पण 10 लाखांपर्यंतचं स्वतःच्या राहत्या घराचं काम तेव्हाच्या त्या कायद्यातून वगळलेलं होतं. 2 मे रोजी परवानगी. कायद्यात 60 दिवसांची मुदत आहे आणि आमचे बरोबर साठ दिवस झाले होते. माझ्या मावसबहिणीने आधी सांगितलं होतं, "साठ दिवस झाले की मंजूरच समज आणि फोड भिंत." मॅडमना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. कागद हातात येईपर्यंत हातोडा उचलायचा नाही, हे त्यांचं म्हणणं आम्ही पाळलं.

मे महिन्यात काम काढायचं की दिवाळीनंतर, यावर घरात मतदान झालं. मिस्त्री म्हणाले, स्लॅब मेअखेर पडला तर पावसाच्या आत बंद करून देतो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, मुलांना नणंदेकडे पाठवता येत होतं. 8 मेला सुरुवात केली. बांधकामाचं 4 लाख 10 हजारांत ठरलं होतं, मटेरियलसकट.

क्रम फार महत्त्वाचा आहे आणि तो इंजिनिअरने लिहून दिला होता. जुनी भिंत सर्वात शेवटी पाडायची. आधी गच्चीवर बीमच्या दोन्ही टोकांना, जिथे खाली कॉलम आहेत तिथेच, नवे छोटे कॉलम. मग सेंट्रिंग, जुन्या बीममध्ये रिबारिंग, आणि 27 मेला स्लॅब. एवढासा स्लॅब दुपारी दोनपर्यंत झालासुद्धा. दुसऱ्या दिवसापासून त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवलं. मेच्या उन्हात ते पाणी दुपारपर्यंत आटायचं, मग मी ऑफिसला जाण्याआधी, सासूबाई दुपारी आणि नवरा रात्री. चौदा दिवस तीन पाळ्यांत पाणी मारलं. मिस्त्रींनी चौदाव्या दिवशी सेंट्रिंग काढलं. नव्या भिंतींना एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरले. आकाराच्या मानाने विटेपेक्षा खूपच हलके, एक ब्लॉक मीही सहज उचलला.

इकडे आत पूर्वेच्या खोलीची पॅसेजकडची भिंत पाडताना पहिला धक्का बसला. साडेचार इंची साधी भिंत, वर बीम असल्यामुळे भार नाही, हे तपासलेलं होतं. पण गिलावा खरवडला तर आतून आमच्या बाथरूमची पाण्याची पाईपलाईन आणि अर्ध्या मजल्याच्या वायरी गेलेल्या. 1996 च्या नकाशात यातलं काहीच नसतं. ते फिरवायला 18 हजार जास्त गेले आणि पाच दिवस वर पाणी नव्हतं. प्लंबर आणि वायरमनचं आधी ठरलेलं 38 हजारांचं होतं, ते 56 झालं. भिंत पाडायच्या आधी मेन बंद करून, एकेक स्विच तपासून कुठल्या भिंतीत काय आहे याचा फोटोंसह कच्चा नकाशा करून घ्या. आम्ही नवीन वायरिंग झाल्यावर गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला आहे. पुढच्या वेळी खिळा ठोकणाऱ्याचे हाल तरी वाचतील.

धुळीबद्दल कुणीच नीट सांगत नाही. जिन्याच्या तोंडाला ताडपत्री, दारांच्या फटींना चिकटपट्टी, तरी तांदळाच्या डब्यात धूळ गेली. देवघरातले देव सासूबाईंनी दीड महिना पितळी डब्यात ठेवले आणि रोज डबा उघडून, पूजा करून, परत बंद केला.

14 जूनला जुनी बाहेरची भिंत फोडली. ती पडल्यावर खोलीत पहिल्यांदा उत्तरेचा उजेड इतका आत आला की मिस्त्रीसुद्धा थांबून बघायला लागले. पण त्या भिंतीच्या जागी वर बीम लोंबता राहिला, खाली फरशीत नऊ इंचांची रिकामी पट्टी राहिली. जुन्या मोझॅकशी जुळणारी फरशी आता मिळत नाही. नवीन टाईल्स सगळीकडे लावायच्या तर आणखी लाखभर. मिस्त्रींनी सुचवलं, तिथे काळ्या ग्रॅनाईटची पट्टी टाकू. टाकली. जुनी भिंत कुठे होती ते कायमचं दिसतं. दोन्ही खोल्यांत एकेक.

2023 चा पाऊस उशिरा आला, म्हणून आम्ही वाचलो असं वाटत होतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली मोठी सर आली आणि जुना-नवा स्लॅब जिथे भेटतो तिथून पाणी ठिबकलं. नव्या खोलीत बादली. मिस्त्री म्हणाले रंगाने थांबेल, इंजिनिअर म्हणाले रंगाने काही थांबत नाही. सांधा व्ही आकारात खोदून भरावा लागला, वरून कोब्याचा उतार बदलून पाणी पन्हाळीकडे वळवावं लागलं, 9 हजार. स्लॅब टाकतानाच सांध्याचं वॉटरप्रूफिंग आणि पाण्याचा उतार करारात लिहून घेतला असता तर हे पैसे मिस्त्रींचे गेले असते. आमच्या करारात "वॉटरप्रूफिंगसहित" एवढा एकच शब्द होता. कशाचं, कुठलं, हे नव्हतं.

दारांचं सांगायचं राहिलं. दोन्ही दारं आता कोपऱ्याकडे आहेत, पण अगदी भिंतीला चिकटून नाहीत. चौकटीला आणि स्विचबोर्डाला सहा इंच सोडले. पश्चिमेच्या खोलीचं दार सरकवल्यामुळे सलग मोकळी भिंत मिळाली, तिथे कपाट आणि टेबल एका ओळीत बसलं. माझं मत विचाराल तर मुलांच्या खोलीत आकड्यापेक्षा सलग भिंत जास्त उपयोगी पडते. खिडक्या 46 हजार, रंग 52, आणि फर्निचर 1 लाख 65 हजार. सगळं मिळून सव्वाआठ लाखांच्या थोडं वर गेलं. ठरवलं होतं सात.

कुणी कुठली खोली घ्यायची यावर चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. पश्चिमेची खोली बारा चौरस फुटांनी मोठी, हे धाकट्याने टेप लावून स्वतः शोधून काढलं होतं. पण थोरलीने आधीच पूर्वेची मागितली. तिचं कारण, दुपारचं ऊन येत नाही आणि पॅसेजच्या टोकाला असल्यामुळे कुणी येता-जाता डोकावत नाही. चौदाव्या वर्षी हे कारण पुरेसं असतं. अडगळीच्या जागी तिचं कपाट आलं आहे. सासूबाईंनी ईशान्येला अभ्यासाचं टेबल आलं म्हणून समाधान मानलं, पत्र्याचा विषय मात्र अजून अधूनमधून निघतो.

ऑगस्टमध्ये मॅडमनी पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला. पुन्हा पाहणी, पुन्हा फोटो. 14 सप्टेंबरला दाखला आला. हा शेवटचा कागद बरेच लोक आणतच नाहीत, राहायला गेलं की संपलं असं समजतात. पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना हाच मागतात, म्हणून आळस करू नका. वाढीव क्षेत्राची नोंद घरपट्टीलाही करून घेतली. दाखला, 1996 चा नकाशा, नवा नकाशा, वायरिंगचे फोटो आणि वारस नोंदीची प्रत एका फाईलमध्ये लावली आणि मग त्या फाईलमध्ये सासूबाईंनी स्वतःहून अण्णांच्या विटांच्या पावत्या आणून ठेवल्या.

एक चूक मात्र सुधारता आली नाही. उरलेला नऊ फुटी पॅसेज आता दोन्हीकडून बंद आहे आणि भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागतो. थोरलीच्या दारावर काचेचा झरोका ठेवायचं मॅडमनी सुचवलं होतं, तिने रात्री उजेड येईल म्हणून ठाम नकार दिला. परवा ती म्हणत होती की सकाळी बाथरूमला जाताना अंधारात पायाला बंब लागतो. बंब जिन्याखालून वर कुणी आणला, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.